गॅरेजवरची खोली

आमच्या नोएडाच्या घराला गॅरेज, गॅरेजवर खोली आणि खोलीत आई. बाबा गेले तशी ती आपण होऊनच वर गेली. माझी बायको वृंदा म्हणाली, "आई, लोक म्हणतील, सुनेनं वर धाडलं."

"म्हणू देत गं. खाली तुझा टीव्ही ओरडतो. वर माझी ओवी मला ऐकू तरी येते."

स्टोव्हवर चहा उकळायचा आणि ती गुणगुणायची:

आभाळाखाली खोली, खोलीखाली लेक
मधल्या पायरीवर बाई, बसले मी एक

संध्याकाळी खरोखरच त्या पायरीवर बसायची.

मार्चमध्ये गल्लीतल्या तीन घरांच्या वरच्या खोल्यांना सील लागलं. मंजूर नकाशात या खोल्या नोकरांसाठी होत्या. घरचं माणूस तिथं राहिलं की ते बेकायदा दुसरं घर. खाली दोन खोल्या, मुलं धरून आम्ही चौघं. आमचीही खोली सील झाली, तर आईची रवानगी पानिपतला, ताईकडे करावी लागणार होती.

"मला हलवू नकोस रे विनू," एवढंच ती म्हणाली.

पाहणीला आलेले साहेब भले वाटले. जिन्याखालीच त्यांनी फाइल उघडली. "ऊपर कौन रहता है?"

'कोई नहीं, सामान है,' असं मी घोकून ठेवलं होतं. पण नेमकी वरून ओवी आली, आणि तोंडून खरं तेच निसटलं.

"आई."

"आया? अच्छा, बच्चों के लिए!" साहेबांनी लिहूनही टाकलं. "फिर तो बिल्कुल ठीक है. नौकरों का ही कमरा है."

एका अक्षरानं खोली वाचली होती. 'आया नहीं, माँ,' इतकंच म्हणायचं होतं. वृंदा माझ्याकडे बघत राहिली, मी फाइलीकडे. साहेबांनी पेन पुढे केलं.

मी सही केली.

वरची ओवी मध्येच तुटली.

आई जिना उतरून आली. पदर खोचलेला, हातात दोन कप. एक तिनं साहेबांना दिला. दुसरा माझ्यापुढे धरला, मान खाली घालून.

"साहब, चाय."

कप घेताना चहा माझ्या हातावर सांडला. भाजलं, पण ते नंतर कळलं.

"आया अच्छी मिली है आपको," साहेब म्हणाले. "कब से है?"

उत्तर आईनंच दिलं.

"इनके जनम से."

साहेब गेल्यावर वृंदाला रडू फुटलं. आईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. "वेडी का तू? खोली राहिली ना?" मग रिकामे कप उचलून ती जिन्याकडे वळली.

"विनू, मी वरून बघत होते. म्हटलं, आता बोलेल. पेन हातात घेतलंस, तरी म्हटलं, आता बोलेल."

ती वर गेली. तिच्या पायरीवर थांबली नाही.