मादीचा पाचोळा

जयंतीबाईंना पसारा मुळीच खपत नसे. घरी बाळंतपणाला आलेली लेक, कीर्तना, बाळाची दुपटी पलंगभर मांडून बसायची. जयंतीबाई ती कपाटात कोंबायच्या, की झालं भांडण. चेन्नईच्या ज्या सर्पालयात त्या डॉक्टर होत्या, तिथेही तेच. पिंजऱ्यात वाळकं पान दिसलं की झाडणाऱ्या सेल्वमची खरडपट्टी.

यंदा नागराज म्हणजे किंग कोब्रा जातीच्या मादीच्या पोटात अंडी होती, पण ती घालेना. ओल्या वाळूची पेटी ठेवली, तिच्याकडे ढुंकूनही बघेना. नुसती फणा काढून कुत्र्यासारखी गुरगुरायची. अंडी अडली तर जीव जाणार, म्हणून ऑपरेशन ठरलं.

एका सकाळी जयंतीबाई सेल्वमच्या आधी पोचल्या. जाळीतून पडलेली कडुनिंबाची मूठभर पानं मादी अंगाच्या विळख्यात ओढून कोपऱ्यात रचत होती.

"अगं बाई! ही घरटं बांधतेय आणि आपण रोज झाडून टाकतोय!"

नागराज घरटं बांधतो, हे त्यांनीच कॉलेजातल्या पोरांना शिकवलं होतं.

सेल्वम आला तशा त्या ओरडल्या, "फेक तो झाडू! पोती भरून पाचोळा आण!"

दोन दिवसांत मादीने गुडघाभर ढीग रचला. त्यावर वेटोळं घालून ती शांत बसली, खाली अंडी. ऑपरेशन रद्द करताना जयंतीबाईंना रडूच फुटलं.

घरी पलंगभर दुपटी होती. कीर्तनाने भांडायच्या तयारीने मान वर केली. जयंतीबाईंनी कपाट उघडलं आणि उरलेली दुपटीही काढून तिच्यापुढे ठेवली.