बाळाबाईने लख्ख घासलेला तवा

मित्रांनो, मी एक जुना बिडाचा तवा आहे. रंगाने काळाकुट्ट, अंगाने जाडजूड, उचलायचा तर दोन हात हवेत. माझ्या काळेपणाला कुणी नावं ठेवली की मला हसू येतं. हा रंग मी अंगावर घेऊन जन्मलो नाही, तो मी कमावलाय. आणि एकदा तो एका दुपारीत साफ निघून गेला होता. ती गोष्ट सांगायला मी कधीचा उतावीळ झालोय.

मोडके पंप, फुटकी चाकं असलं जुनं बीड भट्टीत वितळवून वाळूच्या साच्यात ओतलं आणि मी झालो. सोलापूरच्या मंगळवार बाजारात मथुराबाईंनी मला उचललं, बोटाने टिचकी मारली आणि कान लावला.

"खणखणीत वाजतुया. तडा न्हाय कुटं," त्या म्हणाल्या, आणि मी त्यांचा झालो.

घरी माझी गाठ शेगडीशी पडली. कुंभारवाड्यातली, जाड भाजक्या मातीची, पोटाशी छोटंसं दार असलेली. दार उघडं ठेवलं की कोळसे रसरसून फुलायचे, दार लावलं की आच मंद व्हायची. मथुराबाईंनी मला करडईचं तेल चोळलं आणि त्या मंद आचेवर ठेवलं. पुन्हा चोळलं, पुन्हा तापवलं. तेल अंगात मुरत गेलं आणि मी काळाभोर, गुळगुळीत झालो. मग काय विचारता! धिरडं माझ्यावर पडायचं, कडा सोडायचं आणि उलथणं लागताच सरकायचं.

दर संक्रांतीला सिद्धेश्वराच्या जत्रेत, म्हणजे आमच्या गड्ड्यात, मथुराबाईंचं धिरड्यांचं दुकान लागे. पाळण्यांची किरकिर, पिपाण्या, गुळाच्या जिलबीचा वास आणि मधोमध मी! लोक लांबून विचारत यायचे, "मथुराबाईचा तवा कुटं मांडलाय?" माझी छाती फुगायची. बहात्तरच्या दुष्काळात मात्र धिरडी कुठली? तेव्हा मी रेशनवरच्या तांबड्या मिलो ज्वारीच्या भाकरी भाजल्या आणि कुरकुर केली नाही.

दुष्काळ मागे पडला, बाजारात पुन्हा पांढरीशुभ्र ज्वारी दिसू लागली, आणि मथुराबाईंच्या मुलाचं, गिरणीत कामाला असलेल्या रामहरीचं लग्न झालं. सून आली अक्कलकोटकडची. नाव बाळाबाई. बोलताना निम्मं कानडी यायचं. सासूला ती 'अत्ती' म्हणायची आणि हो म्हणायचं झालं तर 'हौद री'. गल्लीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या.

मथुराबाईंच्या डोळ्यांना आता धूर सोसेना. एके दिवशी त्या सुनेला म्हणाल्या, "औंदा गड्ड्यात तव्यावर तू बसायचं."

हे ऐकून त्यांची धाकटी जाऊ बजाबाई फणकारली. "त्या पोरीला आजून बोलता येत न्हाय, आन् ती गिऱ्हाईक सांबाळनार व्हय? मी हाय की."

"आधी तिचा हात बगू. न्हाय जमलं तर तू बस," मथुराबाई म्हणाल्या.

म्हणजे बघा, सगळं गड्ड्याच्या त्या पहिल्या दिवसावर आलं. बाळाबाईचा जीव टांगणीला लागला. त्या पोरीला माझ्यासमोर बसायची किती हौस होती ते मला ठाऊक होतं. सासू बाहेर गेली की ती नुसता माझ्यावरून हात फिरवायची.

भोगीच्या आदल्या दिवशी घरात सणाची घासाघीस निघाली. बाळाबाईने चिंच आणि विटेची भुकटी घेतली. समई चमकली, तांब्या चमकला, घंगाळ चमकलं. मग तिची नजर माझ्याकडे वळली. तिच्या माहेरी देवाच्या कामाचं भांडं लख्ख करूनच बाहेर काढत. सिद्धेश्वराच्या जत्रेत हा असा काळा तवा न्यायचा? तिने मला पुढ्यात ओढलं.

अगं थांब, मी मनातल्या मनात ओरडत होतो. पण तव्याला तोंड कुठलं! चिंच लागली, भुकटी लागली, नारळाची शेंडी खसाखसा फिरली. मथुराबाई कोळसा आणायला गेल्या होत्या. त्या परत येईस्तोवर मी राखाडी, उघडाबोडका झालो होतो आणि बाळाबाईने मला मोठ्या कौतुकाने गोणपाटात गुंडाळून ठेवलं होतं. अत्तीला उद्या जत्रेच्या मैदानावरच दाखवायचं, असं तिने ठरवलं होतं.

भोगीचा दिवस उजाडला. सिद्धेश्वराच्या लग्नाचा अक्षतांचा सोहळा आटोपला आणि माणसांचा लोंढा मैदानाकडे वळला. शेगडी फुलली होती. बाळाबाईने गोणपाट सोडलं, मला वर चढवलं, आणि मथुराबाई मागे वळेपर्यंत पहिलं पीठ माझ्यावर पडलंसुद्धा.

ते सुटेना. बाळाबाईने कडेने उलथणं घातलं, तर धिरड्याचा लगदा झाला. दुसरं घातलं, तेही चिकटून बसलं. धूर निघाला. पुढचं गिऱ्हाईक नाक दाबून सरकलं. घाबरलेल्या रामहरीने पाण्याची घागर उचलली.

"रामा, ठेव ती. गरम बिडावर गार पानी वततूस व्हय? तडकंल की," मथुराबाई ओरडल्या. मित्रांनो, त्या दिवशी मी थोडक्यात वाचलो.

मग त्यांनी मला नीट पाहिलं. त्यांचा चेहराच उतरला. "आगं, काय केलंस ह्ये? माजं आयुक्ष घासून काडलंस की तू."

"मला ठावं नव्हतं, अत्ती," बाळाबाई म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

"सर तिकडं," बजाबाई पुढे झाली. तिने मला खरवडलं, झोकात पदर खोचला, ठसक्यात बसली आणि धिरडं घातलं. तेही चिकटलं. खरं सांगतो, मला तेव्हा फार बरं वाटलं.

समोर भुकेली गर्दी. तेवढ्यात बाळाबाईने डोळे पुसले आणि ती शेगडीपाशी वाकली.

"अत्ती, धिरडं वलं असतंय, म्हनून बसतंय. भाकरी न्हाय बसत. आज भोगी हाय. तीळ लावलेली बाजरीची भाकरी आज कोन न्हाय म्हनंल?"

मथुराबाईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं. मग लेकाकडे वळल्या. "रामा, सायकल काड. घरातलं सगळं बाजरीचं पीठ आन. तीळ बी आन."

रामहरी सुटला तो वाऱ्यासारखा आला. बाळाबाईने मला खरवडून साफ केलं, शेगडीचं दार लावून आच मंद केली आणि भाकरी थापायला घेतली. अशी पातळ, की मला तिचं वजनच कळेना! अक्कलकोटकडे भाकरी मंद आचेवर कडक होईस्तोवर वाळवतात, ते तिच्या हाताला पक्कं ठाऊक होतं. भाकरी माझ्या उघड्या अंगावरून कुरकुरीत होऊन उतरू लागली. वर शेंगाचटणी, बाजूला कांदा. पहिल्या माणसाने घास मोडला तो आवाज शेजारच्या पाळण्यापर्यंत गेला असावा. बघता बघता आमच्यापुढे रांग लागली. बजाबाई पीठ मळू लागली, मथुराबाई वाढू लागल्या. काय तो दिवस! मी राखाडी होतो, उघडा होतो, तरी आनंदाने नुसता तापलो होतो.

दुकान आवरताना बाळाबाईने मला कोमट असतानाच पुसलं, करडईचं तेल चोळलं आणि विझत्या कोळशांवर ठेवलं. संक्रांतीलाही दिवसभर भाकरी, आणि मग तेल. किंक्रांतीला सकाळपासून तिचं तेलाचं फडकं थांबलंच नाही. दुपारी तिने कुणाला न सांगता एक धिरडं घातलं. मी अंग आवरून धरलं. कडा सुटल्या. तिने उलथणं घातलं, आणि ते सरकलं.

मथुराबाई उठून आल्या. उलथण्यासाठी त्यांनी हात पुढे केला तशी बाळाबाई मुकाट्याने जागेवरून उठली. तिला वाटलं, आपला गड्डा संपला. पण मथुराबाईंनी तिला खांद्याला धरून खाली बसवलं आणि स्वतः गिऱ्हाइकांच्या फळीवर जाऊन बसल्या. इतक्या वर्षांत त्या फळीवर त्या कधी बसल्या नव्हत्या.

"मला बी वाड की एक. लई भूक लागलीया," त्या म्हणाल्या.

"हौद री, अत्ती," बाळाबाई म्हणाली आणि तिने पीठ ओतलं.

आता घरात स्टोव्ह आलाय, त्यावर जर्मनचा, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा, हलका तवा चढतो. मी बरेच दिवस फडताळात पडून असतो. वाईट वाटतं, नाही कशाला म्हणू? तुमच्याही घरी माझा एखादा भाऊबंद असा पडून असेल. त्याला चिंच लावू नका, गरम असताना गार पाणी घालू नका, तेलाचा हात मात्र फिरवत जा. तो नातवंडांनाही पुरेल. आणि मित्रांनो, तुमच्या घरी कुणी नवं माणूस येईल, हौसेने पुढे होईल आणि भर गर्दीत त्याचं पहिलं धिरडं चिकटेल. तेव्हा त्याच्या हातातलं उलथणं काढून घेऊ नका. फळीवर जाऊन बसा आणि भूक लागलीय म्हणून सांगा.