डावी सीट

कावळा शिवेना.

दहाव्याला नदीकाठी माणसं जमली होती, पिंड मांडून झाले होते आणि समोरच्या बाभळीवर कावळे असे बसले होते, जणू त्यांना आमंत्रणच नाही. सहादेव आण्णांना मूलबाळ नव्हतं, म्हणून विधी पुतण्याने, हर्षलने केले होते. डोक्याचा गोटा, उघडं अंग आणि वर चैत्राचं ऊन.

कावळा का शिवत नाही, हे काष्टी गावात कुणालाही विचारा. गेलेल्याचं मन कशात तरी अडकलेलं असतं. ते काय ते ओळखून जिवंत माणसाने मोठ्याने शब्द द्यायचा; शब्द बरोबर असला की कावळा उतरतो. लोकांनी शब्द द्यायला सुरुवात केली.

"मालनबाईला आमी अंतर देनार न्हाई, आण्णा."

कावळे ढिम्म.

"बांधावरचं चिचंचं झाड तोडनार न्हाई."

ढिम्म.

"आण्णा, तुमचा पाना माझ्याकडंच हाय, उद्याच्याला आनून ठिवतो," शेजारचा कल्याण म्हणाला. हा गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करायचा. दोघंतिघं तोंड फिरवून हसले. कावळा हलला नाही.

हर्षल पदार्थविज्ञानात एम.एस्सी. झालेला, नगरजवळच्या नागापूर एमआयडीसीत धातू तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला. त्याचा यातल्या कशावर विश्वास नव्हता. पाय भाजत होते आणि त्याला सावलीत जायचं होतं. वैतागून तो म्हणाला, "आण्णा, तुमची गाडी मी चालू करीन. बस?"

कावळा उतरला आणि त्याने भाताला चोच लावली.

माणसं मागे सरकली होती, पिंडांवर झाडाची सावली आली होती, भूक कावळ्यालाही लागते. हर्षल हे सगळं सांगणार होता, पण ऐकायला कोण थांबतंय? कल्याणने त्याच्या पाठीवर थाप मारली. "सुटला म्हातारा! पर आता वर्षसराद्धाच्या आत गाडी सुरू झाली पायजे हां. तवर त्ये हितंच. गाडी सुरू झाली की मोकळं."

ही बातमी हर्षलच्या आधी आण्णांच्या घरी पोचली. मालनकाकी उंबऱ्यात उभी होती. सकाळी बायकांनी तिचं कुंकू पुसलं होतं, पायातली जोडवी उतरवली होती. बोटांवर पांढरे वळ राहिले होते. "तू काय बोलून आलास रं?" तिने विचारलं. हर्षलने सांगितलं. तिने त्याच्याकडे पाहिलं, पण त्या नजरेत ना माया होती ना रडू. काय होतं, ते त्याला तेव्हा कळलं नाही.

आण्णांचं घर गावाबाहेर वस्तीवर होतं आणि गाडी घराला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये होती. दोन दारांची, दोनच माणसांची, लाल, बसकी स्पोर्ट्स कार. विलायती, नावाचा बिल्ला कधीच गळून पडलेला. पुण्याच्या कुणा शौकिनाने ती भंगारात काढली आणि आण्णांनी उसाच्या ट्रॉलीवर लादून घरी आणली, तेव्हा हर्षल शाळेतसुद्धा जात नव्हता. आण्णा ट्रॅक्टर-जीपचे मिस्त्री. दिवसभर दुसऱ्याची गाडी, संध्याकाळी आपली, आणि शेजारी टॉर्च धरून काकी. मध्ये एक हिवाळा ती चाललीसुद्धा. दोघं तीत बसून बाजारला जायचे आणि पोरं मागं धावायची. मग इंजिन जाम झालं ते झालंच.

हर्षलने सुट्टीच्या दिवशी काम करायचं ठरवलं. शेडच्या शटरची किल्ली त्याच्याकडे होती. घरातून शेडमध्ये उघडणारा एक आतला दरवाजाही होता, पण काकीने तिकडे पाय टाकणं सोडलं होतं. चहा द्यायचा तरी ती उंबऱ्याच्या अलीकडे उभी राहून हात लांब करायची.

त्याने जाम पिस्टनवर डिझेल ओतून ते मुरू दिलं, इंजिनाचं हेड उतरवलं, ब्रेकची रबरं बदलली, मागचे स्प्रिंगचे पाटे नवे घातले. बेअरिंगचा एक तुकडा प्रयोगशाळेत नेऊन सूक्ष्मदर्शकाखालीही पाहिला. शिकलेलं पहिल्यांदाच घरच्या कामाला येत होतं आणि त्याला मजा वाटत होती. शब्दबिब्द तो विसरून गेला होता.

मग आरशाचा प्रकार सुरू झाला.

गाडीतला मागचं पाहायचा आरसा तो चालवणाऱ्याकडे वळवून ठेवायचा. पुढच्या सुट्टीला येऊन पाहावं, तर आरसा डाव्या सीटकडे. सांधा ढिला असेल म्हणून त्याने तो घट्ट केला. पुन्हा डावीकडे. एकदा काचेच्या कडेला तांबडी भुकटी दिसली. गंज म्हणून त्याने बोटाने चोळली, तर ती गंजासारखी खरखरीत नव्हती. मऊ होती.

थंडीत एकदा गावातल्या आपल्या घरी जेवून परत आला, तर शेडमध्ये चुना लावून मळलेल्या तंबाखूचा वास. आण्णांचा वास. ताजा. पत्र्यामुळे शेड गारठलेलं होतं. हर्षलने उजव्या सीटवर हात ठेवला, ती बर्फासारखी. डावीवर ठेवला आणि पटकन उचलला. ती कोमट होती. नुकतंच कुणीतरी उठून गेल्यासारखी.

"काकी, शेडमध्ये कुणी आलं होतं?"

"कोन येतंय बाबा," काकी आतून म्हणाली. "म्या तर भाकऱ्या थापत हुते."

गाडीला रंग द्यायला आलेल्या कल्याणला विचारलं, तर तो रंगाचा डबा तिथेच टाकून बाहेर गेला. "तू एमेस्सी हायस, तुला चालतंय. मला बायको-पोरं हायती."

माघात गाडी जुळून आली. पेट्रोल टाकलं, प्लग बसवले. उद्या चालू करून बघायची, असं ठरवून हर्षल गावात आईवडिलांकडे झोपायला गेला. सकाळी येऊन किल्ली फिरवली. इंजिन गरगरलं, पण पेटेना. त्याने इंजिनावरच्या डेल्कोचं झाकण उघडलं. झाकणाखाली जो फिरणारा छोटा तुकडा असतो, एकेका प्लगला ठिणगी वाटणारा, तो रोटर जागेवर नव्हता. शटरचं कुलूप शाबूत होतं.

हर्षल घाबरला, पण घाबरल्यावर काय करायचं याचं शिक्षण त्याला मिळालेलं होतं. जेवायला जाण्याआधी त्याने काकीची रांगोळी घेतली, गाळणीने शेडच्या फरशीवर पातळ चाळली आणि शटर लावून गेला.

परत आला तेव्हा पावलं उमटलेली होती. आतल्या दरवाजापासून गाडीच्या डाव्या दारापर्यंत, आणि परत. अनवाणी, बाईची. तो गुडघ्यावर बसला, वीत लावून पाऊल मोजलं, मग दाराबाहेरच्या काकीच्या चपलेला तीच वीत लावली. जुळली. त्याने सुटकेचा श्वास सोडला. मग पुन्हा खाली वाकला आणि तसाच राहिला. प्रत्येक पावलात अंगठ्याशेजारच्या बोटाभोवती ठसठशीत कडी उमटली होती. जोडव्याची.

पाऊल काकीचं होतं, पण आण्णा जिवंत असतानाचं.

त्या दिवशी तो तसाच नागापूरला निघून गेला. आठवडाभर प्रयोगशाळेत त्याला प्रत्येक गोल खूण जोडव्यासारखी दिसत होती. शेवटी मधल्याच एका दिवशी रजा टाकून तो भर दुपारी वस्तीवर आला आणि शेडच्या पत्र्याला खिळ्याचं भोक होतं, त्याला डोळा लावला.

काकी डाव्या सीटवर बसली होती. कपाळावर रुपयाएवढं कुंकू. आरसा स्वतःकडे वळवून ती ते नीट करत होती. मग तिने तळहातावर तंबाखू मळली आणि हात उजव्या, रिकाम्या सीटकडे धरला. "घ्या की. का रुसलाय? काल भाजीत मीठ जास्ती पडलं म्हनून? पडलं तर पडलं. इतकी वर्सं खाल्लं न्हव्हं?"

हर्षलचा पाय पत्र्याला लागला. काकीने मान वळवली. ती दचकली नाही. "ये आत. चोरावानी काय बघतुयास?"

तो आत गेला. नजर तिच्या पायांकडे गेली.

"काकी, हे... जोडवी?"

"नवऱ्याम्होरं बिनजोडव्याची बसू व्हय? घरात लोकांसाटी काडते. हितं घालते."

"काकी, माणूस गेला की गेला. असं कुणी बसून राहत नसतं."

"मंग तुझं त्वांड असं पांढरं का पडलंय?"

काकीने कमरेची चंची चाचपली. रोटर तिच्यात होता, हे त्याला न सांगता कळलं.

"बाजारला गेलो की त्ये ह्यो तुकडा काडून माझ्याकडं द्यायचे," ती म्हणाली. "म्हनायचे, मालने, ह्यो तुझ्याकडं असला की गाडी कुटं जात न्हाई. आन् तू त्या दिशी नदीवर शबुद देऊन आलास. मला इचारलंस? समद्यांना त्यांना मोकळं करायचंय. गाडी चालू झाली की त्ये जानार. मग म्या कुनाशी भांडायचं, सांग की."

हर्षलने चंचीवरून नजर काढली. रोटर पुण्यात कुठल्याही जुन्या सुट्या भागांच्या दुकानात मिळाला असता. तो म्हणाला, "राहू दे तुझ्याकडे."

फाल्गुन लागला. कल्याण टोमणे मारू लागला. "एवढा शिकल्याला, आन् तुला एक तुकडा गावंना? वर्स भरत आलं की."

"मिळत नाही," हर्षल म्हणायचा.

सुट्टीला तो येतच राहिला. पुसायचं, तेल लावायचं, घट्ट असलेले नट पुन्हा घट्ट करायचे. त्याच्या एक गोष्ट लक्षात आली आणि ती त्याने कुणाला सांगितली नाही: शटर उघडण्याआधी तो आता खाकरत होता. नवराबायको बसलेल्या खोलीत शिरताना खाकरावं, तसा.

वर्षश्राद्ध तोंडावर आलं तेव्हा एका सकाळी आतला दरवाजा उघडला. काकी उजेडात उभी होती. नवं लुगडं, कुंकू, जोडवी. तिने रोटर त्याच्या हातावर ठेवला.

"बसव."

"काकी?"

"अमुशापासनं त्ये बोलत न्हाईत. म्या बोलते, भांडते, आन् त्ये नुस्तं रस्त्याकडं बघत बसत्यात. बांधून ठिवल्याला बैलसुदिक कासरा वढतो रं. त्यांचा जीव लागंना हितं." ती गाडीच्या डाव्या दारापाशी गेली. "शिवंपतुर पोचवू. पावन्याला पोचवत न्हाई का आपुन? तसं."

हर्षलने रोटर बसवला, झाकण लावलं. तुकडा एकाच रीतीने बसतो, चुकायला वाव नव्हता. काकी डावीकडे बसली. तो उजव्या दारातून पाय आत टाकणार तोच ती म्हणाली, "थांब. त्यास्नी हिकडं सरकू दे."

हर्षल दार धरून थांबला. काकी डाव्या दाराला चिकटली, अंग चोरून, एसटीत तिसऱ्याला जागा करून द्यावी तशी. मग तिने मान हलवली आणि तो बसला.

किल्ली फिरवताना त्याच्या मनात आलं, पेटू नये. गाडी पहिल्याच झटक्यात पेटली.

आवाजाने पत्रे वाजायला लागले. कल्याण ओरडत धावत आला, "आरं चालू झाली! चालू झाली की!" आणि काकीचं कपाळ पाहून जागीच थांबला.

"बघत काय हुबा? शटर पुरतं वर कर," काकी म्हणाली. त्याने केलं.

दोन्हीकडे ऊस आणि मधून रस्ता. हर्षल सावकाश चालवत होता. गियर बदलताना त्याचा डावा हात आपोआप आखडत होता, शेजारच्याच्या गुडघ्याला लागू नये म्हणून. शिवेचा दगड आला तशी काकीने त्याच्या हातावर हात ठेवला.

"इंजिन बंद करू?"

"नगं. उगं पुन्हा थांबत्याल."

ती उतरली. पाट्यांचं गणित साधं असतं: वजन उतरलं की गाडी तेवढी वर येते. काकी उतरली आणि गाडी डावीकडून वर आली, जराशी डुलली, स्थिर झाली. काकी दार धरून उभी राहिली. वारा नव्हता. उसाचं पानही हलत नव्हतं.

मग गाडी पुन्हा वर आली.

डावीकडूनच. हळू, दाराच्या चौकटीला धरून कुणी जड माणूस उतरावा तशी. हर्षलने ब्रेकवरचा पाय पाहिला, रस्त्याचा उतार पाहिला, इंजिनाची थरथर हाताने चाचपली. ती एकसारखी होती.

"दमानं जावा," काकी रस्त्याकडे पाहून म्हणाली. "उनाचं झाडाखालनं जावा."

रस्ता सरळ होता, लांबपर्यंत दिसत होता. ती खूप वेळ त्याच्याकडे पाहत राहिली; एखादा माणूस चालत चालत वळणाआड जायला लागेल, तेवढा वेळ. मग येऊन बसली. सीटभर, मधोमध, पाय सोडून.

हर्षलने स्टिअरिंगवर हात ठेवले. "आता?"

"आता काय. वळव. बाजारात घे." तिने पदराने डोळे पुसले. "शेपूची जुडी घिऊ."

"शेपू?"

"त्यास्नी वास सुदिक खपत न्हव्हता. ह्या घरात आले तवापासनं म्या शेपू शिजवला न्हाई." बोलता बोलता तिचा आवाज फुटला. "लई आवडायचा रं मला."

हर्षलने गाडी वळवली.