साहेबांचा कर्सर

चहाचे कप तसेच टाकून अख्खं ऑफिस मोठ्या स्क्रीनपुढे जमलं. कुणी हात जोडले, कुणी भक्तिभावाने मोबाइल सायलेंटवर टाकला.

"आले!" हिशेबनीस पुटपुटला.

स्क्रीनवर शाळेच्या नव्या इमारतीचा आराखडा होता. या ऑफिसात सगळे आपापल्या टेबलावरून एकाच फाइलीत काम करत. ज्याचा कर्सर, त्याच्या शेपटीला त्याचं नाव. आत्ता एक निळा कर्सर सावकाश फिरत होता आणि त्याच्या शेपटीला नाव होतं 'साहेब'. साहेबांना जाऊन दोन महिने झाले होते.

गेलेल्या माणसाचं खातं बंद करायचं असतं. पण साहेबांना डिलीट करायला कुणाचाच हात धजेना. मायेपोटी दार उघडं राहिलं आणि चमत्कार तिथूनच आत शिरला.

ऑफिस आता साहेबांचे मेहुणे चालवत. दर्शनाच्या वेळी ते आतल्या केबिनमध्ये दार लावून ध्यानाला बसत आणि मग बाहेर येऊन अर्थ सांगत. "देह नश्वर आहे, लॉगिन अमर आहे!" हे त्यांचं लाडकं वचन.

निळा कर्सर मागच्या जिन्यापाशी थांबला. जिना पुसला गेला आणि त्या जागी दोन जादा वर्ग उमटले.

नकाशे काढणाऱ्या ताई पुढे सरकल्या. तो जिना त्यांनी साहेबांशेजारी बसून काढला होता. "पुढच्या जिन्यात धूर भरला, तर पोरं कुठून उतरणार?" असं साहेबच म्हणाले होते.

मेहुणे प्रसन्न चेहऱ्याने बाहेर आले.

"सर, मागचा जिना हवाच," ताई म्हणाल्या.

"ताई, साहेबांपेक्षा तुम्हाला जास्त कळतं का? परवा आराखडा मंजुरीला जाईल."

"त्यांच्या आत्म्याला त्रास नका हो देऊ," हिशेबनीस कळवळला.

ताई आपल्या टेबलाकडे परतल्या. खरं सांगायचं तर त्याही रोज त्या निळ्या कर्सरची वाट बघत. पण तो जिना मनातून जाईना. मग त्यांना आठवलं, साहेबांना पासवर्ड कधीच आठवत नसे. ते केबिनमधून ओरडून विचारत आणि सगळं ऑफिस ओरडून सांगे.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गर्दी जमली, पण कर्सर आलाच नाही. तेवढ्यात केबिनचं दार धाडकन उघडलं आणि हातात टॅब घेतलेले मेहुणे गरजले, "पासवर्ड कुणी बदलला?"

सगळ्या माना आधी टॅबकडे वळल्या, मग मेहुण्यांकडे.

"मी बदलला," ताई म्हणाल्या. "साहेबांची अडचण नको, म्हणून सकाळी त्यांच्या फोटोला नवा पासवर्ड तीनदा सांगितला. त्यांना ऐकू गेला असेल. तुम्हाला कसा जाणार?"

मेहुण्यांनी टॅब पाठीमागे लपवला.

"निदान रोज दिसायचे तरी, ताई," हिशेबनीस डोळे पुसत म्हणाला.

"मलाही दिसायचे हो."

मग हिशेबनीसच म्हणाला, "जिना परत टाका."

ताईंनी जिना परत काढला, स्वतःच्या नावाच्या कर्सरने, सगळ्यांसमोर. मग साहेबांचं खातं बंद केलं.

माणसांना जीव लावावा, ती गेली की रडावं. पण कर्सर हलला की हात जोडण्याआधी विचारावं, हलवतंय कोण? धूर भरल्यावर पोरांना जिनाच लागतो. चमत्कारावरून खाली उतरता येत नाही.