बंधाऱ्यातला जिना

नाशिकच्या त्या कचेरीचं काम पाणी अडवण्याचं, पण तिथं आधी कागद अडायचा. १९९९ च्या मार्चमध्ये पेठकडच्या एका पाड्यावरच्या बंधाऱ्याचा प्रस्ताव अडला होता, आणि त्याचं खापर फुटलं होतं कंप्युटर ऑपरेटर स्नेहलच्या डोक्यावर.

मजकूर तिनं चोख टाइप केला होता. पण आकृतीच्या जागी रिकामी चौकट यायची आणि तिच्यात लाल फुली. साहेबांनी, म्हणजे उपअभियंता वाल्मीक शेवाळ्यांनी, पाच महिन्यांत चार वेळा एकच शेरा मारला होता : 'आकृती दिसत नाही. संगणकातील दोष दूर करून फेरसादर करावे.'

कंप्युटरात कसला दोष? फाइल फ्लॉपीत मावावी म्हणून ड्राफ्ट्समन गोरक्षनं चित्र आत न घालता नुसती लिंक दिली होती. म्हणजे फाइलमध्ये चित्र नव्हतं, चित्राचा पत्ता होता : सी ड्राइव्हवरचं 'ड्रॉइंग वन'. त्या पत्त्यावर गोरक्षच्या मशीनमध्ये बंधारा होता आणि स्नेहलच्या मशीनमध्ये काहीच नव्हतं, म्हणून फुली. मूळ चित्र आणून फाइलमध्ये कायमचं घातलं की संपलं. पण गोरक्षच्या खोलीला नोव्हेंबरपासून कुलूप होतं, किल्ली साहेबांच्या खणात होती आणि गोरक्ष 'साइटवर' होता. कुठल्या साइटवर, हे विचारायची सोय नव्हती. स्नेहलनं तीनदा किल्ली मागितली.

"तुम्ही आधी तुमचं मशीन बघा," साहेब म्हणाले.

एकतीस मार्चला निधी परत जाणार होता. तो गेला की पाड्याचा बंधाराही गेला. त्या पाड्यावरचा बुधा गावित नाशकात बांधकामावर मजुरीला होता. दर सोमवारी, त्याच्या सुट्टीच्या दिवशी, तो कचेरीच्या बाकावर येऊन बसायचा.

"ताई, कागद सुटला का? बायको, भागी, इचारते. लय लांब जाते ती झिऱ्यावर, पाण्याला."

स्नेहलला त्याच्या नजरेला नजर द्यायची लाज वाटायची. चूक तिची नव्हती, तरी वाटायची.

शेवटच्या शुक्रवारी ती रजेवर असताना साहेबांना मार्चअखेरचं टेबल रिकामं करायची हुक्की आली. त्यांनी फ्लॉपी केबिनमधल्या आपल्याच मशीनमध्ये घातली, आणि काय आश्चर्य, आकृती दिसली! "बघा, आमच्या मशीनवर बरोबर दिसते," असं म्हणत त्यांनी प्रिंट काढली आणि 'प्रत्यक्ष जागा पाहून आकृती तपासली, बरोबर आहे' या ओळीखाली चष्मा न लावताच सही ठोकली. संध्याकाळपर्यंत आणखी पाच सह्या पडल्या. चित्राकडे एकानंही पाहिलं नाही. सहीची जागा मात्र सगळ्यांना अचूक सापडली.

सोमवारी स्नेहल लखोटा बंद करायला बसली, तेव्हा बुधा हजर होता.

"ताई, बंधारा दाखवा तरी आमचा."

तिनं पान पुढं केलं. चार हंगाम बांधकामावर काढल्यामुळे बुधाला नकाशा कळायचा. त्यानं पान आडवं धरलं, उभं धरलं.

"बंधाऱ्यात जिना कशाला, ताई?"

स्नेहलनं वाकून पाहिलं. जिना होता. शेजारी देवघर होतं, झोपाळ्याची गच्ची होती आणि तीन संडास होते. साहेबांच्या मशीनमध्येही त्याच पत्त्यावर, त्याच नावाचं चित्र होतं, फक्त दुसरंच.

"ह्यो बंगला मला माहीत हाय," बुधा म्हणाला. "गंगापूर रोडचा."

ती पान घेऊन तडक केबिनमध्ये शिरली, मागोमाग बुधा. या खेपेला साहेबांनी चष्मा लावला.

"हा... कुणाचाही असेल. व्हायरस असतात कंप्युटरात."

"नाय साहेब, तुमचाच हाय," बुधा मदत करायच्या सुरात म्हणाला. साहेबांनी त्याला कधी पाहिलं नव्हतं, तो मात्र साहेबांना साइटवर रोज पाहत होता. "गोरक्षभाऊ तिथंच असतो, आमच्यावर देखरेखीला. स्लॅबला पाणी मीच मारतो. रोज दोन टँकर लागतं."

मग साहेबांनी खण उघडला आणि किल्ली टेबलावर ठेवली.

पाच महिने न सापडलेला दोष पंधरा मिनिटांत दूर झाला. बंधारा फाइलमध्ये बसला, जेवणाच्या सुट्टीआधी सहाही सह्या नव्यानं झाल्या आणि लखोटा रवाना झाला.

"ते जुनं पान फाडून टाका," साहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले.

"हो साहेब," स्नेहल म्हणाली. तिनं ते पान आपल्या खणात ठेवलं, कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली.

पुढच्या वर्षी पाड्याच्या ओढ्यात पाणी अडलं. स्नेहलनं त्या कचेरीत आणखी बारा वर्षं काढली. आकृती दिसत नाही, असा शेरा तिच्या एकाही फाइलवर पुन्हा पडला नाही.