डुकरांच्या लढाईतल्या भोंग्याची जबानी

मी भोंगा बोलतोय, केनवडच्या शिवारातला. आईशप्पथ, सारं खरं हाय. आता मी कारखान्यात झालो, मले आई नाई, त्याच्यानं शप्पथ कितीक चालते ते तुमी पाहा. डुकरं चाळीस होते म्हणतो, ते बी अंदाजानं. मले मान वळवता येत नाई.

मालेगावच्या दुकानातून भगवंतरावांनं मले आणलं. घेण्याआधी माह्यात तोंड घालून "सावधान" म्हणाले. दुकानदार खरंच ताठ उभा राह्यला.

भगवंतराव फौजेतून रिटायर झालेले. गाव त्यायले जनरल साहेब म्हणे. लढाईत तुमी काय करे, असं कोनी विचारलं का ते मिशीवर हात फिरवत. "चारशे जवान माह्या भरोशावर लढत." बस, येवढंच.

यंदा रानडुकरांनं वावरं उकरून टाकले होते. साहेबांनं पारावर खडूनं नकाशा काढला. नाला म्हणजे सरहद्द. अंजनाबाईचा एकरभर भुईमूंग म्हणजे किल्ला. बाई एकटी, तिचं सारं साल त्या एकरावर. मंग साहेबांनं भाषण केलं : "गड्यांनो, एक शेंग बी सोडाची नाई!" ते भाषण माह्या पोटात भरून ठेवलं. बटण दाबलं का मी तेच ते म्हणत राहतो.

मले भुईमुंगात टांगलं आन् लोकायनं जागलीवर जाणं बंद केलं. साहेब बोलून राह्यले ना, मंग आपण कायले मचाणावर बसाचं?

चार दिवस डुकरं पळाले. पाचव्या दिवशी एक म्हातारी डुकरीण माह्याखाली बसली. पुरं भाषण ऐकलं. इकडंतिकडं पायलं, माणूस कोनी नाई. गेली आन् सारं खानदान घेऊन आली. तवापासून डुकराइले समजलं, जथी साहेबांचा आवाज तथी राखण नाई. मी वरून म्हणून राह्यलो, एक शेंग बी सोडाची नाई. आन् ते सोडून नोते राह्यले.

अर्धा एकर गेला. मंग एका सांजेले साहेब मले हातात घेऊन स्वतः मैदानात उतरले. "गड्यांनो" म्हटल्याबरोबर नाल्यातून सारी फौज पळत आली, जेवाले. साहेब बाभळीवर चढले. मी खाली पडलो. अंजनाबाईनं काठी घेऊन डुकरं हाकलले आन् झाडाखाली येऊन उभी राह्यली.

"साहेब, खरं सांगा. फौजेत काय करे तुमी?"

साहेब फांदीवर जरा सरकले. काटे टोचत असतीन.

"सैपाक."

"चारशे मानसाचा?"

"दोन टाईम."

बाई हासली नाई. उरलेल्या भुईमुंगाकडं पाहत राह्यली. "मंग चाळीस डुकराइचा होईन तुमच्यानं?"

आता मी नाल्यापल्याडच्या पडीतात, पळसाले टांगलेला हाय. रोज सांजेले भाषण लागते, डुकरं जमा होतात. साहेब सडका भोपळा आन् बाजारातला उरला भाजीपाला शिजवून आणतात, पळीनं वाढतात. मीठ कमी झालं का डुकरं अंजनाबाईच्या वावराकडं पाहतात. गाव म्हणते, साहेबांनं दुश्मन सरहद्दीपार लोटला. साहेब मिशीवर हात फिरवतात, पण आता पळी धरूनधरून मिशीले भोपळा लागते.

शेंगा भराले अजून आठ दिवस पाह्यजेत. आन् माहे सेल उतरून राह्यले. काल "गड्यांनो" म्हटलं तं आवाज कोंबडीच्या पिल्लावानी निघाला. अर्धेच डुकरं आले. बाकीचे काठावर उभे, तोंड भुईमुंगाकडं. साहेबांनं तोंडानं हाका मारून पायल्या. माही खरखर नाई, त्याच्यानं त्यायनं साहेबाइले वळखलंच नाई.

गावात जाडे सेल आता कोनी ठेवत नाई. म्हणून तुमाले धरून येवढं सांगतलं. फुकट ऐकून उठू नका. सहा लागतात. तुमच्या घरी जुना टॉर्च असनच. झाकण माह्या पाठीवर हाय. काढा.