टीव्ही बंद पडण्याचे कारण

अर्धांगवायूने शेषेरावांची उजवी बाजू नेली आणि वाचाही नेली. जाण किती उरली आहे, यावर नांदेडचे डॉक्टर म्हणाले होते, "फार अपेक्षा ठेवू नका." लातूरच्या तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवणाऱ्या अंगदने, त्यांच्या मुलाने, ते मान्य केले होते. पुराव्याविना आशा धरणे त्याला जमत नसे.

आज तो अर्धापूरला आला होता तो टीव्हीसाठी.

"लई छळून राहिलाय," सुभद्राबाई म्हणाल्या. "ह्यांच्यापुढं कीर्तन लावून गोठ्यात जावं, की घडीभरात आवाज बंद. रिमोट तर दवाखान्याच्या धांदलीतच हरवला. मग येऊन बटण दाबते, आलेच हाय तर ह्यांना पाणी पाजते, कूस बदलते. शेजारची केवळाबाई म्हणती, नजर हाय."

अंगदने टीव्हीवरचे लिंबू काढले. "माय, नजरेनं टीव्ही बंद होऊन त्याचा लाल दिवा लागत नसतो."

"मग कशानं लागतो ते सांग की, मास्तर! लिंबू तरी फुकटात आलतं."

त्याने मागचे झाकण उघडले. एकही कपॅसिटर फुगलेला नव्हता, आणि संच बंद होतानाही व्होल्टेज ढळत नव्हते. म्हणजे तो बिघडून बंद पडत नव्हता. त्याला तसा हुकूम मिळत होता. रिमोटचा इशारा टिपणाऱ्या, टीव्हीच्या सेन्सरवर अंगदने काळी चिकटपट्टी लावली. टीव्ही चालूच राहिला. संशय नव्या ट्यूबलाइटवर गेला. अशा दिव्यांच्या लहरी कधीकधी सेन्सरला चकवतात. दिवा मालवून खात्री करायला हवी होती. ती त्याने चहानंतर करायची ठरवली.

मायलेक अंगणात बसले. आत कीर्तन अखंड चालू होते. कितीतरी दिवसांनी सुभद्राबाईंनी पाय लांब केले.

"गुणाचं माझं लेकरू," त्या म्हणाल्या, आणि आणखी थोडा वेळ बसल्या.

आत गेले तेव्हा शेषेराव खाटेवरून अर्धे घसरले होते. अंथरूण ओले, लाळ गळ्यापर्यंत आलेली. खाट आणि भिंतीमधल्या फटीत पडलेला, हरवलेला रिमोट डाव्या हातात होता. तो टीव्हीकडे रोखून ते बटण दाबत होते, सोडत होते, पुन्हा दाबत होते.

सुभद्राबाईंनी रिमोटकडे पाहिले. "आरं, मी टीव्ही लावायला येत व्हते रे... अन् हे मला बोलवून राहिले व्हते."

दोघांनी त्यांना उचलले, पुसले, कोरडे नेसवले. अंगदने पट्टी काढली आणि रिमोट वडिलांच्या हातात ठेवून, तो हात आपल्या हातांत धरला. "बाबा, आता दाबा. लगेच येतो आम्ही."

टीव्ही लावून मायलेक स्वयंपाकघरात गेले आणि कान देऊन उभे राहिले. आतले कीर्तन संपले, जाहिराती लागल्या, बातम्या सुरू झाल्या.

"आवं, दाबा की," सुभद्राबाई दाराच्या चौकटीला धरून म्हणाल्या.

शेषेरावांनी रिमोट बाजूला सारून तोंड भिंतीकडे वळवले होते. टीव्ही चालूच राहिला.